चमनहून आलेली कार्डं

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा पन्नासचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. नवरा एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखान्याच्या वसाहतीत घर मिळायला अवकाश होता, म्हणून आम्ही हलसूर भागात एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घराचा अर्धा भाग भाड्यानं घेतला होता. आमच्या दोन खोल्या, मागे सामाईक न्हाणी, आणि मधे विटांची एकेरी भिंत. भिंतीपलीकडे ते आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो.

ते दोघं मराठीच होते. त्यांचे पूर्वज कधी काळी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि इकडचेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण पुण्याच्या कानाला ती मराठी कळायला वेळ लागे. मी सामान उतरवत होते तेव्हा अक्का दारात येऊन म्हणाल्या, "कसाला उभी पोरी? स्वल्प बस की. आमची बोली पण मराठीच." 'कसाला' म्हणजे 'कशाला' आणि 'स्वल्प' म्हणजे 'थोडं' एवढं मला समजलं. परक्या गावात मराठी शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. आणि त्याच संध्याकाळी नवऱ्यासमोर मी त्या वाक्याची नक्कल केली आणि आम्ही दोघं हसलो, हेही खरं आहे.

पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला. सासर-माहेर दोन्ही लांब. अक्कांनी तीन आठवडे माझं सगळं केलं. पेज, डोक्यावरच्या घड्या, भांडं उचलणं, सगळं. नवरा कामावर गेला की त्या माझ्या खाटेशेजारी काजं-बटणं घेऊन बसायच्या. अण्णा तेव्हाही थोडं शिवणकाम करत. छावणीतल्या निवृत्त साहेबांचे जुने कोट उलटून शिवणं, बाह्या उसवून नव्या लावणं, असलं काम. बटणांचं काम अक्कांकडे असे.

मी उठून बसू लागले तेव्हा अण्णांनी ती कार्डं पहिल्यांदा आणली. "अम्मा, तुला बघायला कायतरी पायजे," म्हणाले. तिकडे तरुण बाईलाही अम्माच म्हणतात.

कापडाच्या नमुन्यांच्या जुन्या पुस्तकाच्या पानांत त्यांनी ती जपली होती. तीस-पस्तीस असतील. तरुणपणी अण्णा एका पलटणीचे शिंपी म्हणून तिच्याबरोबर सरहद्दीवर गेले होते, क्वेट्टा आणि त्याच्याही पलीकडे चमन, जिथे रेल्वेचे रूळ संपतात आणि पुढे अफगाणांचा मुलूख लागतो. चार वर्षं ते घरी आले नव्हते. तिथल्या फोटोग्राफरांच्या दुकानांत ही चित्रांची कार्डं मिळायची आणि अण्णा ती घरी धाडायचे.

असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. एका कार्डावर नुसतं वाळवंट होतं, वाऱ्यानं चुण्या पडलेलं, आणि अगदी कोपऱ्यात मुंगळ्यांसारखी उंटांची ओळ. एकावर मातीचा किल्ला, त्याच्या भिंती पावसाशिवायच झिजलेल्या. एकावर रेल्वेचं स्टेशन: फलाट, पाटी, कंदिलाचा खांब, आणि पाटीमागे काहीच नाही, क्षितिजापर्यंत काही नाही. काही कार्डं हातानं रंगवलेली होती, त्यांतलं आकाश गुलाबी होतं. अक्का म्हणाल्या, "मी किती वर्षं समजले, तिथं आकाश असंच असतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, रंगवणाऱ्याकडं निळा संपला असंल." एका कार्डावर सरहद्दीवरच्या गावाचा बाजार होता. मातीची बुटकी दुकानं, पटके बांधलेले उंच पठाण, आणि एका ओट्यावर पेन्सिलीनं बारीक फुली. "इथं मी बसत होतो," अण्णा म्हणाले. फुलीवर बोट ठेवून क्षणभर ते तिथेच बसल्यासारखे दिसले.

मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात मजकूर होता. तो त्यांनी मला वाचून दाखवला नाही, आणि मीही तेव्हा विचारलं नाही.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांचं एक मंडळ होतं. गणपती, संक्रांत, चैत्रातलं हळदीकुंकू, कधी एखादं नाटुकलं. बायकांमध्ये बहुतेक जणी बड्या अधिकाऱ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या. ड्राफ्ट्समनची बायको मी एकटीच. कुणी मला वाईट वागवलं असं नाही, पण बोलता बोलता नजर माझ्यावरून पुढे सरकायची. सतरंजी अंथरायची असली की माझी आठवण व्हायची. बावीस वर्षांची होते मी, आणि त्या बायकांत आपल्याला जागा मिळावी असं मला फार वाटत होतं. किती वाटत होतं ते आज सांगायलाही संकोच होतो.

त्या वर्षीचं चैत्रातलं हळदीकुंकू फ्रेझर टाउनमधल्या एका बंगल्यात होतं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलं, की नव्या मुलींनी काहीतरी सादर करावं. कुणी गाणं म्हणणार होतं, कुणी उखाणे. मला गाता येत नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे वाळवंटाची आणि सरहद्दीवरच्या गावांची जुनी चित्रं आहेत, ती दाखवून मी माहिती सांगेन.

अण्णांना विचारलं तर त्यांना इतका आनंद झाला की ते उठून उभेच राहिले. कार्डं त्यांनी फडक्यानं एकेक पुसली. कुठलं गाव कुठलं, कुठे गोड पाणी, कुठे खारं, हिवाळ्यात सुई हाताला कशी चिकटायची, सगळं मला दोन दिवस सांगितलं. मी वहीत उतरून घेतलं. शेवटी म्हणाले, "हिला पण घेऊन जा. हिनं कुठं असलं पाहिलं नाही." अक्का नको नको म्हणत होत्या. मीच आग्रह केला. हा आग्रह मी मनापासून केला होता.

आदल्या दिवशी दुपारी नवरा घरी होता. कार्डं चाळताना मी पहिल्यांदा त्यांच्या मागचा मजकूर वाचला. घरच्यांना उद्देशून, थोरल्या भावाच्या नावे लिहिलेला. पण ती भाषा! 'इथे मनुष्य स्वल्प, माती बहुत.' 'उंट दिसण्यात आपल्या थोरल्या मामासारखा, गुण मात्र बरा.' आणि जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या शेवटी शिवणाच्या मशीनीची चौकशी. मी अण्णांच्या आवाजात वाचू लागले. नवरा पोट धरून हसला, मग भिंतीकडे बोट दाखवून "हळू" म्हणाला. मी हळू आवाजात पुढे वाचलं.

दुसऱ्या दिवशी अक्का ठेवणीतली अंजिरी रेशमी साडी नेसून आल्या. केसांत अबोलीचा गजरा. बंगल्यात शिरताना त्यांनी चपला दाराच्या खूप अलीकडेच काढल्या. मी त्यांची ओळख 'आमच्या घरमालकीणबाई' अशी करून दिली आणि त्या मागे, खिडकीपाशी बसल्या. पन्हं झालं, डाळ झाली, गाणी झाली. मग माझी पाळी आली.

मी वहीतली माहिती सांगू लागले आणि कार्डं हातोहात फिरू लागली. दोन मिनिटांत मला कळलं की कुणाचं लक्ष नाही. वाळवंट म्हणजे वाळवंट, एक पाहिलं की झालं. बायका आपसांत बोलू लागल्या. अध्यक्षीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कार्ड उलटं केलं आणि हसून म्हणाल्या, "अगं, हे काय लिहिलंय? मराठी आहे का ही?"

"मराठीच आहे," मी म्हटलं.

"वाच बघू!"

मी वाचलं. सरळ आवाजात वाचता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि अण्णांचा आवाज बाहेर आला, तो त्यांचा हेल, ते शेवटच्या अक्षरावर थबकणं. आदल्या दिवशी सराव झालाच होता. मामासारख्या उंटाला हशा आला. सगळ्या माझ्याकडे वळल्या. दुसरं कार्ड हातात देत कुणी म्हणालं, "आता हे." मी वाचलं: "मशीनीस दोन वेळ तेल घालणे. एक वेळ घालून भागवू नये." पुन्हा हशा. "वहिनीस सांगणे, मशीनीवर फार जड कापड घालू नये, ती नाजूक आहे." "रात्री मशीनीचा आवाज कानी येत नाही, सबब झोप नाही." अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, ह्याचं लग्न मशीनीशीच लागलं होतं की काय!"

मी मान वर केली तेव्हा खिडकीपाशी अक्का दिसल्या. पहिल्यांदा त्या हसत होत्या. सगळे हसतायत म्हणजे आपलं काहीतरी लोकांना आवडलंय, अशा हसण्यानं. मग त्यांनी शेजारणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिच्या पलीकडच्या बाईकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. तोंडाला पदर गेला.

हे मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि त्यानंतर आणखी दोन कार्डं वाचली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं. हशा थांबू नये असं वाटत होतं, एवढंच.

निघताना अध्यक्षीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. पुढच्या कार्यक्रमाच्या समितीत ये म्हणाल्या.

परतताना आम्ही घोड्याचा जटका केला. अक्का माझ्यासमोर बसल्या होत्या, ओटीचे हरभरे आणि नारळ मांडीवर सांभाळत. घोडा चालत होता. मग त्यांनी विचारलं, "पोरी, त्यात हसायचं काय होतं? मला कळलं नाही. सांग की."

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. एखादी गोष्ट सगळ्यांना कळली आणि आपल्याला नाही, असं झालं की माणूस विचारतं तसं.

मी म्हटलं, "काही नाही अक्का, ते... ते मशीनीचं. प्रत्येक पत्रात मशीनीचीच काळजी, म्हणून."

अक्का बाहेर बघत राहिल्या. हलसूरच्या तळ्याजवळचं वळण आलं तेव्हा म्हणाल्या, "मशीन कुठं होती घरी? मशीन तर ते संगं घेऊन गेलते."

मला क्षणभर काही उमगेना. मग त्यांनीच सांगितलं. कार्ड आलं की थोरले दीर सासूबाईंसमोर, सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाचायचे. नवऱ्यानं बायकोचं नाव लिहायची रीत नव्हती. अक्का तेव्हा सतरा वर्षांच्या, घरात सगळ्यांत धाकट्या, दळण-कांडण त्यांच्या वाट्याला, आणि जेवायला शेवटी जे उरेल ते. अण्णांना हे ठाऊक होतं. म्हणून मशीनीला दोन वेळा तेल. म्हणून जड कापड नको.

"दिरांना पण कळत होतं," अक्का म्हणाल्या. "सासूबाईंना पण. कोण हसलं नाही."

घर आलं तेव्हा उतरता उतरता एवढंच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नको."

अण्णा ओट्यावर वाट बघत बसले होते. आम्हाला पाहून काठी न घेताच पायऱ्या उतरले. "काय अम्मा, आवडली का लोकांना?"

अक्का सरळ आत गेल्या. मी म्हटलं, "हो अण्णा. फार आवडली."

"मागचं पण वाचलं का?"

"वाचलं."

"मग?"

"सगळ्यांना आवडलं," मी म्हटलं. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या न्हाव्याला सांगितलं, कॉफीच्या दुकानात सांगितलं, देवळाच्या पुजाऱ्याला सांगितलं: मोठ्या मोठ्या बायांच्या सभेत आमची कार्डं वाचली, पुण्याच्या अम्मानं वाचली. माणसं मला वाटेत थांबवून विचारायची. दर वेळी मी हो म्हणायची.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्डं परत द्यायला गेले. अक्का भाजी निवडत होत्या. मी दारात उभी राहिले. त्या उठल्या, हात धुतले, कार्डं घेतली आणि म्हणाल्या, "बन्नि अम्मा, कूत्कोळ्ळि." म्हणजे या, बसा. कन्नडमध्ये. आदरार्थी.

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात आलं असेल. मी मराठीत काहीतरी विचारलं. त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. संध्याकाळी न्हाणीपाशी भेटल्या तेव्हाही कन्नडच. "ऊट आय्ता?" जेवण झालं का, एवढं विचारायच्या, हसून विचारायच्या. सणाला वाटी यायची, माझी वाटी रिकामी परत जायची नाही. मला दिवस गेले तेव्हा डोहाळे विचारून त्यांनी मला चिंच-गुळाचं आंबटगोड करून दिलं. काहीच तुटलं नव्हतं. फक्त त्या माझ्याशी पुन्हा मराठीत बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडे अण्णांशी बोलायच्या ते मला ऐकू यायचं, तेच 'कसाला', तेच 'स्वल्प'. त्यांच्या अंगणात माझी चाहूल लागली की ते बोलणं थांबायचं.

माझं कन्नड त्यामुळे चांगलं झालं. लोक कौतुक करायचे, इतक्या लवकर कसं शिकलात म्हणून. मी कुणाला कारण सांगितलं नाही.

मंडळाच्या समितीवर मी गेले. नाही म्हणाले असते तर कारण विचारलं असतं, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मला जायचं होतं. संक्रांतीला एकीनं तीच पत्रं पुन्हा म्हणून दाखवायचा आग्रह केला. 'ते मशीनीचं, मशीनीचं!' मी म्हटलं, आता आठवत नाहीत. शब्द न् शब्द आठवत होता. ते हसण्यासारखं नव्हतं, असं एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं धैर्य मला झालं नाही. सतरंजी मात्र आता दुसरीच कुणी अंथरत होती.

अण्णा अधूनमधून विचारत राहिले. एकदा तर त्यांनी जपून बाजूला ठेवलेलं आणखी एक कार्ड आणलं, बर्फ पडलेल्या खिंडीचं. "हे तेव्हा द्यायचं राहिलं. पुढच्या वर्षी वाच." आतून अक्कांचा आवाज आला, "बेड बिडि." नको, राहू दे. अण्णा हिरमुसले. त्यांना वाटलं, बायकोला आपलं कौतुक सोसत नाही. "हिला नेलं तेच चुकलं," ते माझ्याकडे झुकून हलकेच म्हणाले. "हिला असल्या सभेचं काय कळणार?" अक्का आतच होत्या. त्यांनी ते ऐकलं असणार. मी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, माझं मलाही सांगता येणार नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हाला वसाहतीत घर मिळालं आणि आम्ही हलसूर सोडलं. मग मुलीची शाळा, मग मुलगा, दुखणी. गल्लीत जाणं वर्षातून एकदा, मग तेही नाही. अंतर बसनं अर्ध्या तासाचं होतं. अण्णा गेल्याचं मला दहा-बारा दिवसांनी कळलं, बाजारात भेटलेल्या त्या कॉफीवाल्याकडून.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ओट्यावर पुतणे, त्यांच्या बायका, सगळे मराठीत बोलत होते. अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मला पाहून त्यांनी जवळची जागा हातानं दाखवली. कसं झालं, केव्हा झालं, त्यांनी सगळं नीट सांगितलं, कन्नडमध्येच. शेवटचे दोन महिने अण्णांना अजिबात दिसत नव्हतं. त्या स्वतः कार्डावरची चित्रं बघून त्यांना सांगायच्या, हे उंटाचं, हे स्टेशनाचं. मागचं दोघांनाही पाठ होतं.

मग त्या म्हणाल्या, सभेतलं अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते एक बरं झालं.

मी बसमधून येताना मराठीत वाक्यं जुळवली होती. ती वापरायचा हक्क नाही असं वाटलं. मी म्हटलं, "तप्पायितु, अक्का." चूक झाली. कन्नडमध्ये तो एवढासाच शब्द आहे, आणि चहा सांडला तरी तोच म्हणतात.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, थकलेले होते. तुम्ही तेव्हा लहान होता, असं त्या म्हणाल्या. मला सोडवण्यासाठी म्हणाल्या, हे उघड होतं. ते घेऊन मी उठू शकले असते. आजवर दर वेळी मी तेच केलं होतं, जे मिळेल ते घेऊन उठले होते.

"लहान नव्हते," मी म्हटलं. "तुमच्याकडे बघितलं होतं मी. कळलं होतं. तरी वाचलं." हे मात्र मराठीत निघून गेलं.

"गोत्तु," अक्का म्हणाल्या. माहीत आहे.

दारात आणखी कुणी बायका आल्या होत्या, गावाकडच्या, लांबून आलेल्या. त्यांतली एक अक्कांच्या गळ्यात पडून रडू लागली आणि अक्का तिला मराठीत समजावू लागल्या. मी सरकून त्यांना जागा करून दिली, थोडा वेळ भिंतीशी उभी राहिले, आणि मग बाहेर येऊन बसच्या थांब्याकडे चालू लागले.